सुलाच्या दंडावरचं रीडिंग

एकशे ब्याण्णव, खाली एकशे आठ. आकडे पाहिल्याबरोबर मला कळलं, रक्तदाबाचं मशीन बिघडलंय. सुला खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, लगेच उठायचं असलेल्या माणसासारखी. डाव्या दंडाला पट्टा, उजवा हात कणकेने भरलेला म्हणून हवेत धरलेला, आणि डोळे स्वयंपाकघरातल्या तव्याकडे. "कमी आहे का जास्त?" तिने विचारलं. मी म्हणालो, "मशीनमध्ये फॉल्ट आहे." "मग ठीक," असं म्हणून तिने पट्टा ओढून काढला, त्याला लागलेली कणीक पदराने पुसली आणि चपात्या लाटायला गेली. रविवारची सकाळ होती. इंदिरानगरातल्या आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांतून एकाच कार्यक्रमाचा आवाज येत होता, आणि मी ते पांढरं यंत्र मांडीवर घेऊन बसलो होतो.

बायकोच्या दंडाला मी पट्टा का बांधला, ते सांगायला हवं. मी सावळीराम दोंदे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये सव्वीस वर्षं बसत आलो होतो. हे दोन हजार चारचं. त्या जानेवारीत वार्षिक तपासणीत माझा दाब निघाला एकशे पन्नास, खाली शहाण्णव. मीठ कमी करा, चाला, टेन्शन घेऊ नका, घरी मशीन आणून रोज नोंद ठेवा, एवढं सांगून डॉक्टरांनी पुढच्याला हाक मारली. बावन्न वर्षं दुसऱ्यांसाठी जगलो, आता स्वतःकडे बघायचं, असं मी त्या संध्याकाळी जेवताना जाहीर केलं. सुला म्हणाली, "बघा ना, कोण नको म्हणतंय." आमच्या मुलीने, साक्षीने, ती तेव्हा बारावीला होती, आमटीच्या वाटीआड हसू लपवलं. पण मी बोललो ते करून दाखवलं. पहाटे पाचला दुधीचा रस, तोही किसून फडक्यातून पिळलेला, कारण मिक्सरमध्ये सत्त्व मरतं असं मैदानावर चालायला येणाऱ्या मंडळींचं ठाम मत होतं. मग मैदानाला सात फेऱ्या. आल्यावर टीव्हीसमोर प्राणायाम, आणि त्या पंचवीस मिनिटांत घरात भांडं वाजता कामा नये. नाश्त्याला मोडाचे मूग. दोन्ही वेळचं जेवण अळणी. संध्याकाळी तळपायांना तेल; सुला चोळायची आणि मी डोळे मिटून 'मन शांत, मन शांत' म्हणायचो. मार्चमध्ये इगतपुरीला जाऊन दहा दिवसांचं मौनाचं शिबिर केलं, आणि परत आल्यावर दोन दिवस मौनाबद्दल बोललो. या सगळ्याची नोंद ठेवायला एक जाड वही आणली आणि तिच्यात आमच्या लॉगशीटसारखे रकाने आखले: वेळ, वरचा दाब, खालचा दाब, नाडी, शेरा. शेऱ्यात 'शेजारचं कुत्रं, वाढ' किंवा 'साक्षीचा मोबाइलसाठी हट्ट, वाढ' असं लिहायचो. दाब हळूहळू एकशे छत्तीसवर आला. मैदानावर लोक माझ्याकडे बघून चाल वाढवायचे, किंवा मला तसं वाटायचं.

आणि मग एप्रिलमध्ये सलग तीन दिवस एकशे अठ्ठेचाळीस. इतकी काळजी घेणाऱ्या माणसाचा दाब उगाच वाढत नाही. आमच्या धंद्यात एक काटा एकटाच हलला, तर आधी काट्यावर संशय घ्यायचा, बॉयलरवर नंतर. नवीन पोरं काटा वर गेला की घामाघूम होतात, व्हॉल्व्ह फिरवायला धावतात. मी काचेवर टिचकी मारून बघतो. तरीही खात्री नसेल तर मीटर काढून इन्स्ट्रुमेंट विभागात पाठवायचा. तिथे मखमली पेटीत एक मास्टर गेज असतो, तो कधी चुकत नाही, त्याच्याशी लावून बाकीचे तपासायचे. त्या रविवारी चहा पिताना मी विचार केला, की आपल्या घरात कधीच न चुकणारं काय आहे. घड्याळं दोन, दोन्हींत सात मिनिटांचा फरक. वजनकाटा साक्षीने दोन किलो मागे लावून ठेवलेला. राहता राहिली सुलाची तब्येत. माझी नोकरी आणि आमचं लग्न एकाच वर्षातलं, आणि तेव्हापासून ही बाई एकदाही अंथरुणावर पडलेली मला आठवत नाही. केंद्राच्या दवाखान्याचं आमचं एक कुटुंबाचं पुस्तक आहे. त्यात माझी पानं भरून वर पुरवणी जोडलीय, साक्षीच्या पानावर गोवर आणि टायफॉइड आहे, सुलाच्या पानावर नुसतं नाव. बाळंतपणसुद्धा निफाडला माहेरी झालं. चौऱ्याण्णव साली प्लेगची घबराट झाली, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते, तेव्हा मला साधी सर्दी झाली होती. ती मी नऊ दिवस झोपून काढली, न जाणो म्हणून. सुला मला काढा देत होती, बाहेर रॉकेलच्या रांगेत उभी राहत होती, आणि तिला शिंकही आली नाही. सुलाला काय होतंय, लोखंड आहे ते, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगायचो. आताही माझं अळणी वेगळं, साक्षीचं तिखटमिठाचं वेगळं करून झालं, की ती स्वतःसाठी तिसरं काही करत बसत नसे. भाकरी, ठेचा आणि वर खारातली मिरची. मी बिनमिठाचा दुधी चावत तिच्या ताटाकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, एवढं मीठ खाऊन हिला काही नाही, काय एकेकाचं नशीब. म्हणून मशीन तपासायला मी तिचा दंड घेतला.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीला जाताना नाशिकरोडच्या दुकानात मशीन घेऊन गेलो. दुकानात ललित नावाचा मुलगा बसतो, बापाचंच दुकान आहे, नम्र आहे. त्याने माझ्यासमोर स्वतःच्या हाताला पट्टा बांधला. एकशे चोवीस, खाली ब्याऐंशी. "काका, मशीन एकदम ओके आहे," तो म्हणाला. "जास्त कोणाचं दाखवलं?" "आमच्या मिसेसचं." "मग मिसेसना दाखवा ना डॉक्टरला." मी त्याच्याकडे नव्या ट्रेनीकडे बघतात तसं बघितलं. "अरे बाबा, तिला काही नाही. म्हणून तर तिच्यावर तपासलं." माझ्यासारखी माणसं त्याने बरीच पाहिली असावीत, कारण पुढे काही न बोलता त्याने नवीन खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं आणि जुनं आत ठेवून दिलं. मला बरं वाटलं. फॉल्ट मान्य केल्याशिवाय कोणी मशीन बदलून देत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला.

दुसऱ्या सकाळी घरी सुलाच्या दंडावर नवीन मशीन म्हणालं एकशे अठ्ठ्याऐंशी, खाली एकशे दहा. साक्षीला बसवलं, एकशे आठ, खाली सत्तर. स्वतःचा घेतला, एकशे अडतीस, खाली अठ्ठ्याऐंशी. म्हणजे मशीन फक्त सुलाशीच वाकड्यात शिरत होतं. मी कारणं शोधायला लागलो, आणि कारणं शोधण्यात मी पहिल्यापासून हुशार. ब्लाऊजची बाही घट्ट असेल. पीठ लागल्याने पट्टा सरकत असेल. बांगड्यांचा धातू आत कुठेतरी गोंधळ करत असेल. "जरा बांगड्या काढ," मी म्हणालो. "अहो, तुम्ही धडधाकट समोर बसलाय," ती म्हणाली, "बांगड्या कसल्या काढायला लावता." मग म्हटलं, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पाच मिनिटं शांत बस, बोलू नको, काही करू नको, मग घेऊ. "नुसतं बसायचं?" तिने विचारलं, दुबईला जायला सांगितल्यासारखं. मागे टेकली, हात टेबलावर ठेवला, आणि तिसऱ्या मिनिटाला झोपली. सकाळचे अकरा वाजले होते. तोंड किंचित उघडं, दंडाला पट्टा, बोटांच्या फटीत दुधीचा हिरवट डाग. मी हळूच बटण दाबलं. पट्टा फुगला, गुरगुरला, सैल झाला. एकशे शहाऐंशी. झोपेत. ते रीडिंग मी कुठेच लिहिलं नाही. पुसट आवाजात साक्षी म्हणाली, "पप्पा, मम्मीला डॉक्टरकडे न्या ना." मी म्हणालो, "तू सीईटीचा अभ्यास कर."

बहिरू माझा पाळीतला जोडीदार. पेठकडचा आहे, बोलतो कमी, पॅनेलकडे बघत बोलतो. दुसऱ्या पाळीला चहा घेताना मी त्याला ही मशीनची भानगड सांगितली, सहज, गंमत म्हणून. तो ऐकत राहिला. "दोन्ही मशिनी यकच सांगत्यात?" त्याने विचारलं. "जवळजवळ." "मंग साहेब, आपून हितं काय करतो?" मला माहीत होतं तो काय म्हणतोय. आमच्या बॉयलरच्या पाण्याची पातळी तीन मीटर मोजतात. तिघांपैकी दोघांनी पातळी धोक्याखाली गेली म्हटलं, की बॉयलर आपोआप बंद होतो. तो शिफ्ट इंजिनीअरला विचारत नाही, राज्यात लोडशेडिंग चालू आहे की नाही हेही बघत नाही, आणि तिसरा मीटर काय म्हणतो याची वाट तर मुळीच बघत नाही. हा नियम मी स्वतः किमान चाळीस पोरांना शिकवलाय. "बॉयलर आसता तर कवाच बंद पडला आसता," बहिरू काट्याकडे बघत म्हणाला. "वहिनी लय सोसत्यात, म्हणून चालू हाय." मी चहा संपवला. म्हणालो, "तिसऱ्या मीटरचं रीडिंग अजून घेतलेलं नाही." तो कप विसळायला गेला.

पुढचे आठ दिवस मी ते तिसरं, डॉक्टरच्या यंत्रावरचं रीडिंग घेतलं नाही. डॉक्टर गांगुर्डेंचा दवाखाना माझ्या ड्यूटीच्या वाटेवर, सिग्नलपलीकडे आहे, येता-जाता पाटी दिसते, आणि मी रोज स्कूटर पलीकडच्या रस्त्याने नेत होतो. डॉक्टरकडे न जाण्यासाठी माणूस किती लांबून जाऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. पण एक गोष्ट झाली. मी तिच्याकडे बघायला लागलो, आणि एकदा बघायला लागल्यावर नको इतकं दिसायला लागलं. ती संध्याकाळी साक्षीची जुनी ओढणी डोक्याला करकचून बांधते. मी समजत होतो, केसांना फोडणीचा वास लागू नये म्हणून. जमिनीवरून उठताना भिंतीला हात लावून थांबते. मला वाटायचं, काहीतरी आठवतेय. एका पहाटे मी तिच्याआधी जागा झालो आणि अंथरुणात पडून राहिलो. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, किसणीचा आवाज सुरू झाला, आणि मध्येच थांबला. मी जाऊन पाहिलं. अर्धा किसलेला दुधी ओट्यावर होता आणि सुला फ्रिजला कपाळ टेकवून उभी होती. "काय करतेस?" मी विचारलं. "गार लागतं," ती म्हणाली. आणि परत किसायला लागली. रस मी प्यायलो. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. मैदानावर चालताना मागचं एकेक वर येत राहिलं. साक्षीच्या दहावीच्या वर्षी ती म्हणाली होती, डोकं फार दुखतं हो. मी म्हणालो होतो, बाम लाव. आमची गच्चीवरची टाकी फुटली त्या उन्हाळ्यात म्हणाली होती, जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी येते. मी म्हणालो होतो, सावकाश चढ. आमच्या पॅनेलवर एक बटण असतं. धोक्याचा भोंगा वाजला की ते दाबायचं; भोंगा बंद होतो, दिवा मात्र लुकलुकत राहतो, बिघाड काढेपर्यंत. बटण दाबून खुर्चीत मागे टेकणाऱ्या पोरांना मी फार बोललोय. एकाला तर रडवलं होतं.

मला भीती वाटत होती, हे आता सांगून टाकतो. ती पडेल, अर्धं अंग जाईल, किंवा त्याहून वाईट होईल, आणि घरात तिच्या दोन पातळांचा वास राहील. आणि या भीतीतही आधी मीच उभा होतो: ही पडली तर माझा दुधी कोण किसणार. हा विचार मैदानाच्या चौथ्या फेरीला आला. त्याची मला लाज वाटली, आणि लाजेने दाब वाढेल म्हणून मी लगेच तीन दीर्घ श्वास घेतले. मग त्या श्वासांचीही लाज वाटली. मागून येणारे एक गृहस्थ म्हणाले, "दोंदे, आज स्पीड कमी." घरी येऊन स्वतःचा दाब घेतला. एकशे छप्पन्न. वही उघडली, आकडा लिहिला, आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं म्हणून पेन धरून बराच वेळ बसलो. शेवटी 'सुला' एवढंच लिहिलं. तीन महिन्यांच्या त्या वहीत तिचं नाव पहिल्यांदा आलं होतं.

तिला डॉक्टरकडे चल म्हटलं असतं तर ती आली नसती, म्हणून मी म्हणालो, माझी तपासणी आहे, सोबत चल. दहा मिनिटांत ती तयार. माझी फाइल घेतली, माझी वही घेतली, पाण्याची बाटली घेतली, मला रांगेत भूक लागते म्हणून शेंगदाण्याचे दोन लाडू घेतले. डॉक्टर मीना गांगुर्डे चाळिशीच्या असतील, बोलणं कमी आणि नजर सरळ. "कोण पेशंट?" त्यांनी विचारलं. सुलाने माझ्याकडे बोट केलं. मी सुलाकडे केलं. डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. सुलाच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तिला कसनुसं झालं, पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायची तिला सवय नाही; ती स्टुलावर बसली. डॉक्टरांचं यंत्र पाऱ्याचं होतं. त्याला ना बॅटरी, ना पडदा, ना खोकं. पारा चढला, थांबत थांबत उतरला, आणि त्यांनी कागदावर एकशे नव्वद, खाली एकशे दहा असं लिहिलं. तिसरा मीटर. माझ्या कानात बॉयलर बंद पडताना होतो तसला आवाज झाला, आणि नंतरची ती शांतता. "किती दिवसांपासून आहे?" त्यांनी विचारलं. माझा हात सवयीने वहीकडे गेला. मी ती उघडून त्यांच्यापुढे ठेवली. तारखा, वेळा, लाल शाई, निळी शाई. त्यांनी चार-पाच पानं चाळली. "छान ठेवलंय. हे यांचं ना?" "नाही," मी म्हणालो, "माझं." "आणि यांचं?" मी उगाचच एक पान उलटलं. त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि सुलाकडे वळल्या. "काय काय होतं तुम्हाला?" मी म्हणालो, "तसं काही नाही हो, तिला कधी काही..." "त्यांना बोलू द्या."

सुलाने माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, पदर सारखा केला, आणि बोलायला लागली. डोकं मागच्या बाजूने दुखतं, मानेतून वर चढतं. सकाळी जास्त. किती वर्षं ते नीट सांगता येत नाही, पण मुलगी आठवीत होती तेव्हा होतंच. छातीत धडधडतं, तव्यासमोर उभं राहिलं की कान भरून येतात. एकदा भाजी घ्यायला गेले आणि रस्त्याच्या कडेला बसावं लागलं, तासभर. भाजीवालीने पाणी दिलं, तिच्याच टोपलीवर डोकं टेकून राहिले. "हे कधी?" मी विचारलं. "तुमचं शिबिर होतं तेव्हा." पाय सुजतात. झोप लागत नाही, आणि लागली तर उठवत नाही. कधीकधी वाटतं, कोणालाच न सांगता एक दिवस माहेरी जाऊन नुसतं झोपावं. तिचा आवाज अगदी साधा होता, वाण्याची यादी सांगावी तसा, फक्त ती यादी संपत नव्हती. मी मध्ये म्हणालो, "पायांची सूज मागच्या पावसाळ्यातली." डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" मग मी बाहेर बाकावर बसलो, शेजारी तिने आणलेली बाटली आणि लाडवांचा डबा. भिंतीवर हृदयाचं एक रंगीत चित्र होतं, निळ्या नळ्या, लाल नळ्या, आणि मी सव्वीस वर्षांच्या सवयीने कुठून काय कुठे जातं ते बघत होतो. दाराआडून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा ती हसली. अर्धा तास झाला. मला आठवेना, की माझ्याशी ती सलग अर्धा तास शेवटचं कधी बोलली होती.

ती बाहेर आली तेव्हा हातात गोळ्यांची चिठ्ठी होती आणि चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. मीठ बंद, गोळी रोज, पंधरा दिवस पूर्ण आराम, तीन दिवसांनी परत दाखवायचं. "एवढं सगळं मला कधी बोलली नाहीस," मी म्हणालो. प्रेमाने म्हणायचं ठरवलं होतं, पण बाहेर पडलं ते तक्रारीसारखं. ती चपला घालत होती. "त्यांनी विचारलं," ती म्हणाली. रागाने नाही, टोमणाही नाही. पाणी कुठून आलं तर नळातून, तसं.

गोळ्या घेतल्या आणि आम्ही निघालो. ती स्कूटरवर मागे बसली, नेहमीप्रमाणे एक हात सीटला, एक हात पिशवीला. सिग्नलला गाडी थांबली. मी आरशात बघितलं, तिचा फक्त खांदा दिसत होता. विचारायला काय लागतं, चार शब्द तर आहेत, असं म्हणत मी ते चार शब्द तोंडात फिरवत राहिलो. आणि सिग्नल सुटायच्या आत, मान न वळवता, म्हणालो, "कसं वाटतंय आता तुला?" हिरवा दिवा लागला, मागच्या रिक्षाने हॉर्न दिला, मी गिअर टाकला. मला वाटलं, ऐकूच गेलं नसेल. मग सीटवरचा तिचा हात उचलला गेला, माझ्या खांद्यावर आला, आणि ती माझ्या कानाशी वाकून, खरोखर न कळल्यासारखी म्हणाली, "कुणाला? मला?"